आगगाडीच्या आधीचे रस्ते : चि. अनघास पत्र

पुणे

चि. अनघा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा मसुदा सावकाश वाचला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधला प्रवास आणि रोजचे जगणे कसे पालटले हा विषय तू निवडलास, आणि तोही ब्रिस्टॉलसारख्या गावात राहून, याचे समाधान वाटले. भाषा नेटकी आहे आणि उगाच अलंकार नाहीत. मात्र पहिल्याच परिच्छेदात तू लिहितेस की १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि त्या दिवसापासून सारे काही बदलले. या एका वाक्याशी माझा वाद आहे. ज्याचे उभे आयुष्य रेल्वेच्या वेळापत्रक विभागात गेले त्या माणसाने आगगाडीचे श्रेय कमी करावे हे तुला विचित्र वाटेल. परंतु गाडी धावण्यापूर्वी तिचे वेळापत्रक कोणीतरी आखलेले असते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? वाफेने माणसाला वेग दिला हे खरे. प्रवास ठरल्या मिनिटाला सुरू व्हावा, ठरल्या मिनिटाला संपावा आणि त्या मिनिटासाठी लोकांनी पैसे मोजावेत, ही सवय मात्र त्याआधीच्या जवळजवळ पन्नास वर्षांत खडीच्या रस्त्यांनी आणि घोड्यांनी लावलेली होती. त्या कहाणीतला मोठा भाग तू राहतेस त्याच गावात घडला आहे, म्हणून हे जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम रस्त्यांकडे पाहा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधले रस्ते ज्या त्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, अंगावर टाकलेले असत. गावकऱ्यांनी वर्षातून काही दिवस फुकट राबून ते दुरुस्त करावेत असा नियम होता, आणि असा नियम कोठेही जसा पाळला जातो तसाच तो तिथेही पाळला जाई. पावसाळी हवेत चाके आसापर्यंत चिखलात रुतत. यावर तोडगा म्हणून पार्लमेंटने एकेका रस्त्यासाठी स्वतंत्र कायदा करून विश्वस्त मंडळे नेमली, त्यांना टोलनाके उभारण्याचा अधिकार दिला आणि जमलेल्या पैशांतून रस्ता राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. १८३० च्या दशकापर्यंत इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी सुमारे एक हजार मंडळे होती आणि त्यांच्या ताब्यात वीस हजार मैलांहून अधिक रस्ते होते. टोलविषयी लोकांचे मत आपल्याकडच्यासारखेच होते. वेल्समध्ये १८३९ पासून शेतकऱ्यांनी बायकांचे कपडे चढवून, तोंडाला काळे फासून रात्री टोलनाके फोडले. त्या दंग्यांना रिबेकाचे दंगे म्हणतात. तुझ्या मसुद्यात त्यांचा उल्लेख नाही; तो अवश्य कर, कारण सुधारणेचा खर्च कोणाच्या खिशातून निघाला हे त्यातून कळते.

पैसा उभा राहिला तरी रस्ता बांधावा कसा याचे शास्त्र नव्हते. ते दोन स्कॉटिश माणसांनी आपापल्या परीने मांडले. जॉन लाउडन मॅकॅडम १८१६ साली ब्रिस्टॉलच्या टोल-रस्त्यांचा प्रमुख सर्व्हेयर झाला. म्हणजे इकडे पेशवाईची अखेर दोन वर्षांवर आली होती त्या काळात तुझ्या गावाभोवतीचे रस्ते उखडून नव्याने घातले जात होते. मॅकॅडमचे म्हणणे असे की, गाडीचा भार शेवटी खालची मातीच पेलते. ती कोरडी राहिली की कितीही भार पेलते आणि भिजली की काहीच पेलत नाही. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवायचा, पाणी दोन्ही बाजूंना उतरून जाईल असा मध्ये किंचित फुगीर करायचा, आणि त्यावर सहा औंसांपेक्षा जड नसलेली खडी सुमारे दहा इंच जाडीने पसरायची. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची लोखंडी धावच ती खडी दाबून एकजीव करी. मोठे दगड नकोत, गोल गोटे नकोत, मातीची भर नको. खडी फोडण्याचे काम बसून, लहान हातोडीने करता येत असल्यामुळे म्हातारी माणसे, बायका आणि मुले त्यावर लावली जात; रस्त्याच्या कडेला दगड फोडत बसलेल्या माणसांचे दृश्य आपल्याला काही अनोळखी नाही. दुसरा थॉमस टेलफर्ड, एका मेंढपाळाचा मुलगा, वडील लहानपणीच गेलेले, गवंडीकाम शिकून वर आलेला. त्याला खाली मोठ्या दगडांचा हाताने रचलेला थर हवा असे. त्याचे रस्ते महाग पडत, पण टिकत. आयर्लंडचे पार्लमेंट १८०१ साली लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाल्यावर आयरिश सभासदांना डब्लिनहून लंडनला वारंवार जावे लागू लागले, आणि त्यासाठी टेलफर्डने लंडन ते होलीहेड (डब्लिनच्या बोटींचे बंदर) हा रस्ता वेल्सच्या डोंगरांतून असा नेला की चढ घोड्याला दमवणार नाही. त्या रस्त्यावरचा मेनाय सामुद्रधुनीवरचा झुलता पूल ३० जानेवारी १८२६ रोजी खुला झाला. त्याचा मधला गाळा ५७९ फुटांचा असून खालून शिडाची जहाजे जावीत म्हणून तो भरतीच्या पाण्यापासून शंभर फूट उंच ठेवला आहे. त्याआधी अँगल्सी बेटावरची गुरे विकायला न्यायची तर ती त्या सामुद्रधुनीतून पोहवत न्यावी लागत. सुट्टीत स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ हे आगगाडीचे इंजिन पाहायला जाणार आहेस असे लिहितेस. माझे ऐकशील तर आधी हा पूल पाहा.

आता टपालाच्या कोचकडे, म्हणजे टपाल आणि उतारू नेणाऱ्या घोडागाडीकडे, वळतो, कारण माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. त्यापूर्वी टपालाच्या थैल्या घोड्यावर बसलेली पोरे नेत. ती हळू जात, दारूच्या गुत्त्यावर थांबत, लुटलीही जात. ब्रिस्टॉलहून लंडनला पत्र पोहोचायला अडतीस तासांपर्यंत लागत. बाथ आणि ब्रिस्टॉल इथे नाटकगृहे चालवणाऱ्या जॉन पामरला आपले नट आणि सामान एका गावाहून दुसऱ्या गावी वेळेवर न्यावे लागे, आणि जे नटांना जमते ते टपालाला का जमू नये असा त्याचा साधा प्रश्न होता. टपाल खात्यातल्या अधिकाऱ्यांनी ही योजना अशक्य ठरवली. तरुण पंतप्रधान विल्यम पिटने मात्र पाठिंबा दिला आणि २ ऑगस्ट १७८४ रोजी पहिला टपाल-कोच ब्रिस्टॉलहून दुपारी चार वाजता निघाला. बाथमार्गे तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास लंडनला पोहोचला. सोळा तास! काही वर्षांत देशभर असे कोच धावू लागले.

या व्यवस्थेचे तपशील मला वाचताना फार ओळखीचे वाटले. कोच आणि घोडे कंत्राटदारांचे. मागे बसणारा गार्ड तेवढा टपाल खात्याचा नोकर. त्याच्या अंगात लाल डगला, जवळ आखूड नळीची बंदूक आणि पिस्तुले, हातात तुतारी. ती वाजली की टोलनाक्याचे फाटक उघडलेच पाहिजे, कारण टपालाला टोल माफ होता आणि वाट अडवणाऱ्या नाकेदाराला दंड होई. दर आठ-दहा मैलांवर ताजे घोडे तयार ठेवलेले असत आणि मुरलेले मोतद्दार चारही घोडे मिनिट-दोन मिनिटांत बदलत. गार्डकडे एक घड्याळ असे, ते पेटीत कुलूपबंद, म्हणजे त्याला स्वतःला काटे फिरवता येऊ नयेत. प्रत्येक टप्प्यावर पोहोचल्याची वेळ कागदावर लिहायची, आणि उशीर झाला तर कारणासह लिहायची. आमच्या खात्यात गाडी का उशिरा आली याचा जबाब घेतात, त्याचा मूळ नमुना हाच. आणखी एक गंमत पाहा. त्या काळी प्रत्येक गावाची वेळ तिथल्या सूर्यावर चाले. ब्रिस्टॉलमध्ये दुपारचे बारा वाजत ते लंडननंतर सुमारे दहा मिनिटांनी. मग लंडनहून पश्चिमेला निघालेल्या गार्डचे घड्याळ कोणत्या वेळेने चालवायचे? टपाल खात्याने त्यावर उपाय काढला की, पश्चिमेला जाणाऱ्या कोचचे घड्याळ मुद्दाम थोडे मागे पडेल आणि पूर्वेला जाणाऱ्या कोचचे थोडे पुढे धावेल असे लावून द्यायचे, म्हणजे वाटेतल्या गावांच्या वेळांशी ते आपोआप जुळत जाईल. यंत्राने सूर्याची समजूत घालण्याचा हा प्रकार मला आजही विलक्षण वाटतो.

याचा परिणाम आकड्यांत सांगतो. १७५४ साली मँचेस्टरच्या एका कोचची जाहिरात अशी होती की, लोकांना अविश्वसनीय वाटले तरी हा कोच साडेचार दिवसांत लंडनला पोहोचेल. १८२५ साली सुरू झालेला ‘वंडर’ नावाचा कोच लंडन ते श्रूजबरी हे दीडशेहून अधिक मैलांचे अंतर एका दिवसात कापत असे. एडिंबरोला जायला पूर्वी दहा-बारा दिवस लागत. १८३० च्या दशकात तेच टपाल-कोचने दोन दिवसांच्या आत होऊ लागले. हे सगळे वाफेच्या एका थेंबाशिवाय झाले. ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईतल्या विजयाची आणि सेनापती नेल्सनच्या मृत्यूची बातमी घेऊन लेफ्टनंट लापेनोतिएर ४ नोव्हेंबर १८०५ रोजी फालमथला उतरला आणि एकवीस वेळा घोडे बदलून ३७ तासांत लंडनच्या नौदल कचेरीत पोहोचला. त्या वाटेने सरकारी तातडीचा निरोपही घोड्याच्या पायांपेक्षा वेगाने जाऊ शकत नव्हता, हे ध्यानात ठेव.

या वेगाची किंमतही होती. वेगवान कोचला जुंपलेले घोडे तीन-चार वर्षांत निकामी होत. कोचच्या आत चार जण बसत, बाकीचे टपावर; आतल्या जागेचे भाडे टपावरच्या जवळजवळ दुप्पट. हिवाळ्यात टपावर गारठून मेलेल्या उतारूंच्या नोंदी आहेत. १ फेब्रुवारी १८३१ रोजी, म्हणजे तुझी लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे चालू होऊन चार-साडेचार महिने झाले होते तेव्हा, डमफ्रीजहून एडिंबरोला जाणारा टपाल-कोच मॉफॅटच्या पुढे बर्फात अडकला. गार्ड आणि कोचवान आधी घोड्यांवरून आणि मग पायी थैल्या घेऊन पुढे निघाले, आणि दोघेही त्या हिमवादळात मेले. टपालाच्या थैल्या त्यांनी रस्त्याच्या कडेच्या खांबाला नीट बांधून ठेवलेल्या सापडल्या. देशाच्या बहुतेक भागात १८३१ साली प्रवास म्हणजे हेच होते. आणि हे तरी कोणासाठी? टपावरची जागासुद्धा मैलाला दोन-तीन पेनी पडे आणि शेतमजुराची आठवड्याची मजुरी दहा शिलिंगांच्या (बारा पेनींचा एक शिलिंग) आसपास असे. शंभर मैल जायचे तर दोन आठवड्यांची कमाई गेली. बहुसंख्य माणसे पायीच चालत, किंवा माल वाहणाऱ्या रुंद चाकांच्या गाडीत पोत्यांवर बसून ताशी दोन-तीन मैलांनी जात. कोचच्या युगाचे रम्य वर्णन करणारे लोक ही चालणारी माणसे विसरतात. तू विसरू नकोस.

घरातल्या बदलांविषयी तू एकच परिच्छेद लिहिला आहेस आणि तो यादीसारखा झाला आहे. त्यातल्या उजेडाच्या गोष्टीला अधिक जागा दे. गरिबाच्या घरी चरबीत बुडवलेल्या लव्हाळ्याच्या काडीचा उजेड असे, त्याहून बऱ्या घरी चरबीची मेणबत्ती. सकाळी चूल पेटवायची तर चकमक झाडून, जळक्या चिंधीवर ठिणगी पाडून, फुंकून जाळ करायचा. दमट हवेत हा उद्योग बराच वेळ चाले. स्टॉकटन-ऑन-टीज इथल्या जॉन वॉकर या औषध विक्रेत्याने घासून पेटणाऱ्या काड्या १८२७ साली विकायला काढल्या, आणि त्याचे पेटंटही घेतले नाही. मला ही काडी ‘रॉकेट’ इंजिनापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही, कारण ती प्रत्येक स्वयंपाकघरात पोहोचली. गॅसच्या दिव्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १८०७ साली लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे लावून दाखवले गेले, १८१२ साली गॅस कंपनीला सनद मिळाली आणि १८१३ च्या अखेरीस वेस्टमिन्स्टर पूल उजळला. पण त्याआधीच, १८०५–०६ च्या सुमारास, विल्यम मर्डॉकने सॅलफर्डची कापसाची गिरणी गॅसने उजळली होती. उजेड आधी गिरणीत आला आणि मग रस्त्यावर, हा क्रम बोलका आहे. सूर्य मावळला म्हणून काम थांबत असे ते आता थांबेना. गिरणीत किती वयाच्या मुलाला किती तास राबवावे हे ठरवणारा आणि त्यावर निरीक्षक नेमणारा कायदा व्हायला १८३३ साल उजाडावे लागले. त्यातही नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपर्यंत काम चालत होते. गार्डचे कुलूपबंद घड्याळ आणि गिरणीची घंटा या दोन गोष्टी तू शेजारी शेजारी ठेवल्यास तर तुझ्या निबंधाला कणा मिळेल.

आता आगगाडी. रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समध्ये दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे ओढून नेली, स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वे २७ सप्टेंबर १८२५ रोजी सुरू झाली, ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिलच्या चाचण्यांत ‘रॉकेट’ने ५०० पौंडांचे बक्षीस जिंकले, हे तू लिहिलेच आहेस आणि ते ठीक आहे. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाच्या दिवशी लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन इंजिनाखाली सापडले, तो प्रसंग मात्र तू दोन पाने रंगवला आहेस; तो अर्ध्या पानात बसव. त्यांना घेऊन इंजिन ताशी सुमारे छत्तीस मैलांच्या वेगाने धावले आणि तरी ते वाचले नाहीत, एवढे पुरे. त्यापेक्षा हे पाहा की ती रेल्वे मुख्यतः लिव्हरपूल बंदरातला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांत आणि तिथले कापड परत बंदरात नेण्यासाठी बांधली होती, आणि मालकांची अपेक्षा मालाची असताना झुंबड उडाली ती उतारूंची. पहिल्या पूर्ण वर्षातच चार लाखांहून अधिक माणसांनी प्रवास केला. लोकांना प्रवास करायचा होता. तो त्यांना परवडत नव्हता, इतकेच. शिवाय तो कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला असे आणि ते कापड आपल्याकडच्या विणकरांच्या मुळावर आले, हेही त्याच रुळांवरचे ओझे आहे.

कोचच्या धंद्याचे पुढे काय झाले, हे तू लिहिलेले नाही. रेल्वे जिथे पोहोचली तिथले कोच काही महिन्यांत बंद पडत. सरायांच्या पागा ओस पडत, मोतद्दार आणि कोचवान उघड्यावर येत, टोल आटल्यामुळे विश्वस्त मंडळे कर्जात बुडत. पण सगळेच बुडाले नाहीत. लंडनचा सर्वांत मोठा कोचमालक विल्यम चॅपलिन याच्या पदरी हजाराहून अधिक घोडे होते. त्याने वारा ओळखला, वेळेवर कोच विकले, पैसा रेल्वेत गुंतवला आणि तो पुढे लंडन अँड साऊथ वेस्टर्न रेल्वेचा अध्यक्ष झाला. पहिल्या वर्गाचे डबेही कोचच्या घाटाचेच होते. तीन कोचचे सांगाडे एका चौकटीवर जोडल्यासारखे. गार्ड हे पदही तिकडूनच आले. हे सारे पाहिले म्हणजे आगगाडीने जुने पुसून नवे लिहिले असे वाटत नाही.

तुमच्या ब्रिस्टॉलची ग्रेट वेस्टर्न रेल्वे ३० जून १८४१ रोजी लंडनपर्यंत सलग सुरू झाली. टपाल-कोचला जे अंतर कापायला बारा तासांच्या आसपास लागत ते आता सुमारे चार तासांत होऊ लागले, आणि इथे घड्याळाचा जुना प्रश्न फार अडचणीचा झाला. रुळांवर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत दहा मिनिटांचा गोंधळ म्हणजे अपघात. म्हणून ग्रेट वेस्टर्नने नोव्हेंबर १८४० पासूनच आपल्या साऱ्या स्थानकांवर लंडनची वेळ चालवली, १८४७ साली इतर बऱ्याच रेल्वे कंपन्यांनी तेच स्वीकारले, आणि कायद्याने ती देशाची वेळ ठरली ती थेट १८८० साली. ब्रिस्टॉलने १८५२ पर्यंत आपली वेळ सोडली नाही. तुमच्या कॉर्न एक्स्चेंजवरच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे आहेत, ते याच भांडणाचे अवशेष. तू त्याचा फोटो पाठवलास, पण निबंधात एका ओळीत गुंडाळलेस. मुंबईकरांनाही हा हट्ट समजेल. १९०६ साली भारताची प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेगळी वेळ, सुमारे एकोणचाळीस मिनिटे मागची, पुढे कित्येक वर्षे जपली होती.

तिसऱ्या वर्गाविषयी तुझा मजकूर तोकडा आहे, आणि वेळापत्रकवाल्याला त्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. सुरुवातीला गरिबांसाठी ज्या ‘गाड्या’ होत्या त्या म्हणजे मालगाडीला जोडलेल्या, छप्पर नसलेल्या, कमी उंचीच्या कठड्याच्या उघड्या वाघिणी. २४ डिसेंबर १८४१ रोजी पहाटे, रेडिंगजवळच्या सॉनिंग इथे खोदलेल्या खिंडीत दरड कोसळून अशी एक गाडी घसरली आणि आठ जण जागीच मेले. त्यांत नव्या पार्लमेंटच्या बांधकामावर राबणारे आणि नाताळासाठी घरी निघालेले मजूर होते. या अपघाताच्या चौकशीतून जो विचार सुरू झाला त्यातून तेव्हाचा व्यापारमंत्री ग्लॅडस्टन याचा १८४४ चा कायदा आला. प्रत्येक नव्या मार्गावर दिवसातून निदान एक गाडी अशी हवी की जी प्रत्येक स्थानकावर थांबेल, थांबे धरून ताशी बारा मैलांपेक्षा हळू जाणार नाही, जिच्या डब्यांना छप्पर आणि बाके असतील आणि जिचे भाडे मैलाला एक पेनीपेक्षा अधिक नसेल. कंपन्यांनी कायदा पाळला, पण बऱ्याच ठिकाणी ही गाडी भल्या पहाटे किंवा भलत्याच वेळी सोडली. वेळापत्रकात माणसाला कसे छळता येते हे मला कोणी शिकवायला नको! तरीही, माझ्या मते सामान्य माणसाचा प्रवास बदलला तो १८३० साली नव्हे, तर १८४४ नंतर. हे मत तू मान्य करावेस असे नाही, परंतु खोडायचे असेल तर पुराव्याने खोड.

टपालाविषयी थोडक्यात. १८४० पूर्वी पत्राचा टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि तो बहुधा घेणाऱ्याला भरावा लागे. लंडनहून एडिंबरोला एका कागदाला एक शिलिंगाहून थोडे अधिक पडत. त्यामुळे लोक कागद आडवा लिहून भरला की तोच फिरवून उभा लिहीत, किंवा पाकिटावर खुणा करून ठेवीत, म्हणजे घेणाऱ्याने खूण पाहून पत्र नाकारले तरी खुशाली कळे. टपाल सुधारण्याच्या मागे लागलेल्या रोलंड हिलने हिशेब करून दाखवले की ते पत्र प्रत्यक्ष वाहून नेण्याचा खर्च पेनीच्या छत्तिसाव्या हिश्शाएवढाच आहे. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले, मे महिन्यात काळे तिकीट आले, आणि एका वर्षात पत्रांची संख्या दुपटीच्या वर गेली.

शेवटी एक नाव सुचवतो, जे तुझ्या प्राध्यापकांना बहुधा ठाऊक नसेल. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने १८३९ साली गादीवरून दूर केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहून कंपनीच्या संचालकांपुढे आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे दाद मागत राहिले. म्हणजे पेनीचे टपाल, ग्रेट वेस्टर्न, पेनी-मैलाची गाडी, गॅसचे उजळलेले रस्ते हे सारे आकाराला येत असताना एक मराठी माणूस तिथे होता. मुंबईहून ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली होती आणि आफ्रिकेला वळसा घालून पाच-सहा महिने घेणारे टपाल १८४० च्या दशकात सुएझवरून दीड महिन्याच्या आसपास येऊ लागले होते. पत्रे लवकर पोहोचू लागली. साताऱ्याचा न्याय पोहोचला नाही. महाराज १८४७ साली काशीस नजरकैदेत वारले आणि १८४८ साली डलहौसीने सातारा खालसा केले. वेगाचा लाभ कोणाला झाला या तुझ्या शेवटच्या प्रकरणात हे उदाहरण चपखल बसेल. त्यांच्या अर्जांचे कागद लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात शोधावेत. ब्रिस्टॉलहून ते एका दिवसाचे काम आहे.

मसुद्याची नवी प्रत पाठवशील तेव्हा आरंभ १७८४ पासून केलेला असावा आणि हस्किसन अर्ध्या पानात आलेले असावेत, एवढी अपेक्षा आहे. रिबेकाच्या दंग्यांविषयी काही चांगले हाती लागले तर मलाही कळव. मला त्याविषयी अधिक वाचायचे आहे. आईने आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझे,
बाबा